साखरेची चोपडी : ब्रिटिश व्यापारी घराणी, कॅरिबियन गुलामी आणि मराठी मुलूख

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्याला २८ ऑगस्ट १८३३ रोजी राजाची संमती मिळाली आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला. या कायद्याचे श्रेय विल्बरफोर्स आदी सुधारकांना दिले जाते, आणि ते रास्तच आहे. मात्र याच कायद्यातील एका आर्थिक तरतुदीची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. गुलाम मुक्त झाल्याने होणाऱ्या नुकसानीपोटी दोन कोटी पौंडांची भरपाई देण्याचे त्यात ठरले होते आणि ती मिळायची होती गुलामांच्या मालकांना. ब्रिटिश सरकारच्या त्या काळातील वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के इतकी ही रक्कम होती. त्यासाठी १८३५ मध्ये नेथन रॉथस्चाइल्ड आणि मोझेस माँटेफिओरी यांच्या पुढाकाराने दीड कोटी पौंडांचे कर्ज उभारण्यात आले. पुढे हे कर्ज इतर सरकारी रोख्यांत मिसळले गेले आणि त्याचा शेवटचा अंश फिटला तो २०१५ मध्ये. म्हणजे एकविसाव्या शतकातील ब्रिटिश करदाता, त्यात तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आली, हे देणे फेडीत होता.

मुक्त झालेल्यांची संख्या सुमारे आठ लाख होती. त्यांना एक छदामही मिळाला नाही. उलट सहा वर्षांखालील मुले वगळता बाकीच्यांनी ‘उमेदवार’ या नावाखाली आणखी काही वर्षे जुन्याच मालकाकडे बिनपगारी राबायचे होते. ही उमेदवारीची पद्धत कॅरिबियन बेटांवर १ ऑगस्ट १८३८ रोजी, मुदतीआधीच, संपवावी लागली.

भरपाईसाठी सुमारे ४६ हजार दावे दाखल झाले. दावेदारांत सरदार होते, पाद्री होते, दोन-चार गुलाम भाड्याने देऊन पोट भरणाऱ्या विधवाही होत्या. मोठ्या रकमा मात्र लंडन, लिव्हरपूल, ब्रिस्टल आणि ग्लासगो येथील व्यापारी घराण्यांकडे गेल्या. त्यातील अनेकांनी कॅरिबियन भूमीवर कधी पाऊलही ठेवले नव्हते. ते मालक कसे झाले, हे समजून घेण्यासाठी त्यांची चोपडी उघडावी लागते.

अडत्याचे खाते

साखरेच्या व्यापाराची रचना आपल्या बाजार समितीत वावरलेल्या माणसाला चटकन उमगेल अशी आहे. बार्बाडोस किंवा जमैका येथील मळेवाला आपली साखर पिंपांत भरून लंडनच्या अडत्याकडे पाठवी. अडत्या ती विकून अडत कापून घेई. जहाजाचे भाडे, विमा आणि गोदामाचा खर्चही त्याच खात्यावर पडे. मळ्यासाठी लागणाऱ्या कढया, खिळे, कापड, खारे मासे हा माल तोच उधारीवर पाठवी. मळेवाल्याने नवे गुलाम विकत घेतले की त्याची हुंडी याच अडत्यावर निघे. एखादे वर्ष वादळात किंवा दुष्काळात गेले की खाते उणे होई. उणे खात्यावर व्याज चढे, आणि व्याज फार झाले की गहाणखत लिहून घेतले जाई. त्या गहाणखतात जमीन, घाणा आणि बैल यांच्या बरोबरीने माणसेही नोंदलेली असत. ब्रिटिश पार्लमेंटने १७३२ मध्ये केलेल्या कायद्याने अमेरिका खंडातील वसाहतींत कर्जवसुलीसाठी गुलामांची जप्ती व विक्री करण्याची मुभा सावकाराला मिळाली होती. माणूस हे तारण म्हणून पक्के झाले आणि त्यामुळे कर्ज स्वस्त झाले.

यॉर्कशरमधील हेअरवूड हाउस हे या चोपडीतून उभे राहिलेल्या वैभवाचे सर्वांत ठळक उदाहरण. लॅसेल्स घराण्यातील हेन्री लॅसेल्स हा बार्बाडोसमध्ये जकात अधिकारी होता आणि व्यापारीही. पुढे लंडनमध्ये त्याने अडतीची पेढी चालवली आणि बेटांवरील मळेवाल्यांना भरमसाट कर्जे दिली. त्याच्या मृत्यूनंतर १७५९ मध्ये हेअरवूडच्या महालाचे बांधकाम सुरू झाले. १७७० आणि १७८० च्या दशकांत कर्जे थकली, मळे एकामागून एक घराण्याच्या ताब्यात आले आणि सावकाराचे रूपांतर जमीनदारात झाले. भरपाईच्या वेळी हेअरवूडच्या अर्लला १,२७७ गुलामांपोटी २६,३०७ पौंड मिळाले.

या आकड्यांचा भागाकार केला तर माणशी सुमारे साडेवीस पौंड पडतात. आता लिव्हरपूलचे व्यापारी जॉन ग्लॅडस्टन यांचा हिशेब पाहू. त्यांना २,५०८ गुलामांपोटी १,०६,७६९ पौंड मिळाले, म्हणजे माणशी बेचाळीस पौंडांहून अधिक. हा फरक का? भरपाईचा दर १८२२ ते १८३० या काळातील त्या त्या वसाहतीतील प्रत्यक्ष विक्रीच्या किमतींवरून ठरवण्यात आला होता. बार्बाडोस आणि जमैका येथील जमिनी थकलेल्या होत्या, तर ग्लॅडस्टन यांची मोठी मालमत्ता ब्रिटिश गयानामधील डेमेरारा येथे होती. हा प्रदेश दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर असला तरी इतिहासात त्याची गणना कॅरिबियनमध्येच होते. तेथील गाळाची जमीन ताजी होती, ऊस भरघोस येई आणि म्हणून माणूसही महाग होता. मुक्तीचा कायदा करतानाही शेवटचा बाजारभाव तपासला गेला, तो असा.

लिव्हरपूलचे ग्लॅडस्टन

जॉन ग्लॅडस्टन यांचे नाव आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे, कारण कॅरिबियन साखर आणि हिंदुस्थान या दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच पेढीत एकत्र आल्या होत्या. १७६४ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे जन्मलेला हा धान्यव्यापाऱ्याचा मुलगा लिव्हरपूलला आला आणि तेथील बड्या व्यापाऱ्यांत जाऊन बसला. ईस्ट इंडिया कंपनीचा हिंदुस्थानशी व्यापार करण्याचा मक्ता १८१३ मध्ये संपताच लिव्हरपूलहून कलकत्त्याला खासगी जहाज पाठविणाऱ्या पहिल्या व्यापाऱ्यांत ते होते. कलकत्त्यातील गिलँडर्स, आर्बुथनॉट या पेढीशी त्यांचे नातेसंबंधांचे आणि व्यवहाराचे धागे जुळलेले होते. चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन हे त्यांचेच पुत्र. या पुत्राने जून १८३३ मध्ये कॉमन्स सभागृहात जे महत्त्वाचे पहिले भाषण केले, ते वडिलांच्या मळ्यावरील कारभाराच्या समर्थनाचे होते.

जॉन ग्लॅडस्टन डेमेराराला कधीच गेले नाहीत. ऑगस्ट १८२३ मध्ये तेथे गुलामांचा मोठा उठाव झाला, तो त्यांच्याच ‘सक्सेस’ नावाच्या मळ्यावरून. क्वामिना हा सुतार आणि त्याचा मुलगा जॅक हे त्यात पुढे होते. मालकाचे आडनाव गुलामाला चिकटण्याच्या रीतीमुळे हा मुलगा इतिहासात जॅक ग्लॅडस्टन म्हणूनच ओळखला जातो. उठाव काही दिवसांत मोडून काढण्यात आला आणि शेकडो माणसे मारली गेली.

उमेदवारीची मुदत संपली की मजूर हातचे जाणार, हे ओळखून ग्लॅडस्टन यांनी ४ जानेवारी १८३६ रोजी कलकत्त्याच्या पेढीला पत्र लिहिले. मॉरिशसला हिंदी मजूर जात असल्याचे त्यांच्या कानावर आले होते, तसेच धडधाकट तरुण आपल्यालाही पाच ते सात वर्षांच्या कराराने मिळतील काय, अशी विचारणा त्यात होती. पेढीचे उत्तर वाचताना आजही अंगावर काटा येतो. मजूर मिळण्यात काही अडचण नाही, कारण आपण कोठे जात आहोत आणि प्रवास किती लांबचा आहे याची या लोकांना काहीच कल्पना नसते, असा त्याचा आशय होता. यातील डोंगरी मजुरांचा उल्लेख ‘धांगर’ असा येतो आणि त्यांची तुलना माकडाशी केलेली आढळते. मराठी वाचकाने येथे घोटाळ्यात पडू नये. हे आपल्याकडील मेंढपाळ धनगर नव्हेत. छोटा नागपूरकडील उराँव, मुंडा इत्यादी आदिवासींना कलकत्त्यात त्या काळी हे नाव होते.

‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही दोन जहाजे जानेवारी १८३८ मध्ये निघाली आणि ५ मे रोजी ३९६ मजूर ब्रिटिश गयानात उतरले. त्यातील काही ग्लॅडस्टन यांच्या मळ्यांवर गेले. करार संपला तेव्हा त्यातील ९८ जण मरण पावलेले होते, २३८ परत आले आणि ६० तिकडेच राहिले. मजुरांना फटके मारले जात असल्याचे गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते जॉन स्कोबल यांनी १८३९ मध्ये प्रत्यक्ष पाहणीनंतर उघडकीस आणले. ओरड झाल्यावर मजुरांची निर्यात काही काळ बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली, मॉरिशससाठी १८४२ च्या अखेरीस आणि कॅरिबियनसाठी १८४५ च्या सुमारास. मग मात्र ती १९१७ पर्यंत चालली.

ग्रँट बंधू आणि वगळलेला मुलूख

मुंबईकर ज्या ग्रँट रोडवरून रोज जातात तो रस्ता आणि ग्रँट मेडिकल कॉलेज ही नावे मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांची. १८३५ ते १८३८ या काळात ते गव्हर्नर होते आणि पुण्याजवळ दापोडी येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वडील चार्ल्स ग्रँट हे ईस्ट इंडिया कंपनीचे बडे संचालक आणि विल्बरफोर्स यांच्या गोटातील पक्के गुलामगिरीविरोधक. थोरले बंधू, त्यांचेही नाव चार्ल्सच, पुढे लॉर्ड ग्लेनेल्ग झाले. ग्लॅडस्टन यांची मजूर नेण्याची योजना ज्या वसाहत मंत्र्याच्या संमतीने पार पडली, तो मंत्री हाच. बापाने गुलामांच्या मुक्तीसाठी आयुष्य वेचले आणि मुलाच्या सहीने गिरमिटाचे दार उघडले. ग्लेनेल्ग यांची नियत वाईट होती असे म्हणता येणार नाही. कागदावर करार आहे, मजुराचा अंगठा आहे, म्हणजे ही गुलामी नव्हे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असावी. व्यापाऱ्यांना एवढी समजूत पुरेशी होती.

हेच चार्ल्स ग्रँट १८३३ मध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते. गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्याला ज्या दिवशी संमती मिळाली, त्याच २८ ऑगस्टला ईस्ट इंडिया कंपनीच्या नव्या सनदेच्या कायद्यालाही मिळाली. पहिल्या कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळलेला होता, आणि दुसऱ्यात हिंदुस्थानातील गुलामी सवडीने कमी करण्याचा विचार व्हावा एवढाच उपदेश होता. आपल्याकडेही गुलामी होतीच. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी विपुल आहेत. कंपनीच्या हद्दीत गुलामीचा कायदेशीर आधार १८४३ च्या कायद्याने काढून घेतला गेला आणि गुलाम बाळगणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने. मालकांना भरपाई देण्याचा प्रश्न येथे उद्भवला नाही. दोन्ही कायदे संस्थानांना लागू नव्हते. आजच्या परभणी जिल्ह्यातील वालूर, सेलू, जिंतूर हा सगळा पट्टा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो यातून बाहेरच राहिला.

मात्र ब्रिटिश व्यापाऱ्याची चोपडी निजामाच्या मुलखात कायद्याच्या कितीतरी आधी पोहोचली होती. जनरल विल्यम पामर हे १७९८ ते १८०१ या काळात पुण्याच्या पेशवे दरबारात कंपनीचे रेसिडेंट होते. हिंदुस्थानात येण्यापूर्वी ते वेस्ट इंडीजमध्ये सैन्यात होते आणि त्यांचा पहिला विवाह तेथील सारा हेझल हिच्याशी झाला होता. या पत्नीचा मुलगा जॉन पामर पुढे कलकत्त्यातील सर्वांत मोठा ब्रिटिश व्यापारी म्हणून गाजला. लखनौच्या फैज बख्श बेगमपासून झालेला मुलगा विल्यम याने हैदराबादेत पेढी काढली. हिंदी राजांना कर्ज देण्यास ब्रिटिश प्रजाजनांना मनाई होती, पण १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी या पेढीला खास सवलत दिली. पेढीचे एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड यांची पत्नी हेस्टिंग्ज यांच्या आश्रयाखाली वाढलेली होती, हे येथे सांगितले पाहिजे.

औरंगाबाद आणि वऱ्हाडकडील फौजेचा पगार ही पेढी आगाऊ देई आणि दिवाण चंदूलाल तिला महसुलावर वराता लिहून देई. व्याज शेकडा २४ च्या घरात जाई. शेतकऱ्याचे पीक उभे राहण्याआधीच त्यावरचा सारा पेढीच्या नावे लागलेला असे. नवे रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यांनी हे प्रकरण बाहेर काढले. निजामाला उत्तर सरकारच्या जिल्ह्यांपोटी मिळणाऱ्या सात लाखांच्या वार्षिक पेशकशीवर कायमचे पाणी सोडावे लागले, त्यातून कर्ज फेडले गेले आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. हैदराबादच्या या पेढीने गुलाम विकत घेतले नव्हते. पण बार्बाडोसच्या अडत्याची आणि हैदराबादच्या सावकाराची रीत एकच होती. पीक यायच्या आधी पैसा द्यायचा, आणि पीक आले की आधी आपला वाटा उचलायचा.

कोकणातून मॉरिशसला

साखर, भरपाई आणि मराठी माणूस यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती मॉरिशसमध्ये. हिंदी महासागरातील हे बेट १८१० मध्ये ब्रिटिशांकडे आले. भरपाईच्या दोन कोटींपैकी वीस लाखांहून अधिक पौंड येथील मालकांना मिळाले, आणि या पैशाने अनेकांनी कर्जे फेडून उसाची लागवड वाढवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईस बंदरात उतरले. त्यांना आणणारी पेढी हंटर, आर्बुथनॉट ही होती. पुढील आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर या बेटावर आले. ते ज्या पायऱ्यांवरून चढले त्या ‘आप्रवासी घाटा’ला युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला.

कॅरिबियनकडे मजूर गेले ते मुख्यतः कलकत्त्याहून आणि काही प्रमाणात मद्रासहून. मॉरिशसला मात्र मुंबई बंदरातूनही भरती झाली, प्रामुख्याने १८४० ते १८६० च्या दशकांत. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासह, माणसे मोठ्या संख्येने होती. सातारा आणि कोल्हापूरकडचीही काही होती. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबईचा वाटा लहानच राहिला. १८५० च्या दशकात मुंबईत कापड गिरण्या निघाल्या आणि कोकणी माणसाला समुद्र ओलांडण्याऐवजी गिरणगावाची वाट सापडली, हे त्यामागचे एक कारण मानता येईल.

करार पाच वर्षांचा असे. पुरुषाला महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, तूप, मीठ असा शिधा. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले, तो हाच कागद. मॉरिशसमधील सर्वांत जाचक नियम ‘दुहेरी कपाती’चा होता. मजूर एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांचा पगार कापला जाई. आजारपण हीदेखील गैरहजेरी. महिन्याअखेरीस हातात काय पडे, हे मळ्याच्या मुकादमावर आणि कारकुनाच्या चोपडीवर अवलंबून असे. १८५० च्या दशकात परतीचा मोफत प्रवासही बंद झाला आणि माणसे तेथलीच झाली.

हे वाचताना मराठवाड्यातील वाचकाला ऊसतोडीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. बीड, परभणी भागातून कारखान्यांवर जाणारी जोडपी मुकादमाकडून ‘उचल’ घेतात, त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, आणि एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ लावला जातो. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे. ऊसतोड कामगार हा मतदार आहे, त्याच्या संघटना आहेत, दरवाढीसाठी ते संप करतात. त्यामुळे दोन्हींना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण उचल आणि खाडा या दोन शब्दांची कुळी शोधायला फार दूर जावे लागत नाही.

मॉरिशसमधील मराठी समाजाने मात्र उल्लेखनीय टिकाव धरला. गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे. शाळांतून मराठी शिकवली जाते. कोकणातील जाखडीशी नाते सांगणारी ‘झाकरी’ गणपतीत आजही रंगते. अनेक कुटुंबांची आडनावे म्हणजे पणजोबांचे नाव, कारण बंदरावरच्या कारकुनाने विचारले तेव्हा त्यांनी तेच सांगितले होते.

कौन्सिलातील गोखले

गुलामगिरीच्या अंताची बातमी मराठी विचारविश्वात वेगळ्याच वाटेने आली. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या मुक्तीतून आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांनी धडा घ्यावा, ही त्यांची तळमळ होती. ब्रिटनने मालकांना दिलेली भरपाई हा त्या ग्रंथाचा विषय नव्हता.

गिरमिटाविरुद्धचा घटनात्मक लढा मात्र मराठी नेत्यानेच उभा केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये नाताळसाठीची मजूरभरती थांबविण्याचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात मांडला आणि तो सरकारने स्वीकारला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी गिरमिटाची संपूर्ण पद्धतच बंद करण्याचा ठराव आणला. गोखले यांचे बोलणे नेहमी मोजके आणि आकडेवारीने भरलेले असे. येथेही त्यांनी भावनेपेक्षा कराराच्या अटी, शिक्षेचे प्रमाण आणि आत्महत्यांच्या नोंदी पुढे केल्या. ठराव सरकारी मताधिक्याने फेटाळला गेला. पंडित मालवीय यांचा तशाच आशयाचा ठराव १९१६ मध्ये मान्य झाला आणि पुढील वर्षी भरती थांबली. गोखले १९१५ मध्येच निवर्तले होते.

भरपाईच्या हजारो दाव्यांची छाननी करून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ मध्ये सर्व नावे इंटरनेटवर खुली केली. कोणाच्या पूर्वजाला किती पौंड मिळाले, हे तेव्हापासून कोणालाही पाहता येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्रेवेल्यन घराण्यातील वंशजांनी ग्रेनाडा येथे जाऊन माफी मागितली. हिंदुस्थानच्या कारभारात गाजलेले सर चार्ल्स त्रेवेल्यन याच घराण्यातले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, डेमेराराच्या उठावाला दोनशे वर्षे होत असताना, जॉन ग्लॅडस्टन यांच्या वंशजांनी गयानात माफी मागितली. त्यात गुलामगिरीबरोबर गिरमिटाचाही उल्लेख होता. सभागृहात आफ्रिकी वंशाचे श्रोते होते, तसे त्या दोन जहाजांमागून आलेल्या हिंदी मजुरांचे वंशजही त्या देशात मोठ्या संख्येने आहेत.

मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यात नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव आणि जहाज अशी माहिती आढळते. आपले मूळ गाव शोधायला येणारी कुटुंबे तेथे अर्ज करतात. गावाचे नाव इंग्रज कारकुनाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असल्याने रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा शेजारी ठेवून ते वाचावे लागते.